त्याच व्हॅलिडेटर की (सही करण्याच्या गुप्त किल्ल्या) दुसऱ्या यंत्रावर राखीव ठेवाव्यात का? नोडच्या मांडणीविषयी सल्ला हवा

प्रश्न: नवखा_नोडचालक

नमस्कार. इथेरियमवर स्वतःचा व्हॅलिडेटर (इथरची ठेव ठेवून ब्लॉक तपासणारा आणि त्यांना मत देणारा सहभागी) चालवण्याची तयारी मी गेले काही महिने करत आहे. हूडी या टेस्टनेटवर (सरावाच्या जाळ्यावर) एक व्हॅलिडेटर सात आठवडे चालवून पाहिला असून आता ३२ इथर जमा करून मुख्य जाळ्यावर यावे असा विचार आहे. यंत्रात आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि २ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी आहे. एक्झिक्युशन क्लायंट (व्यवहार चालवणारा प्रोग्राम) म्हणून गेथ आणि कन्सेन्सस क्लायंट (साखळीवर एकमत राखणारा प्रोग्राम) म्हणून लाइटहाउस वापरतो. सर्व सेवा सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाच्या हवाली केल्या असल्याने यंत्र सुरू झाले की त्या आपोआप सुरू होतात.

या सात आठवड्यांत दोनदा वीज गेली आणि एकदा इंटरनेट जवळजवळ दिवसभर बंद होते. चुकलेल्या अटेस्टेशनची (मतांची) लाल रांग वाढत जाताना पाहून असे वाटले की खरे इथर पणाला लागलेले असताना हे परवडणार नाही. म्हणून तसेच दुसरे यंत्र घेऊन ते वेगळ्या इमारतीत, वेगळ्या इंटरनेट जोडणीवर ठेवले आहे. बेत असा आहे की दोन्ही यंत्रांवर त्याच व्हॅलिडेटर की असतील. दुसरे यंत्र दर मिनिटाला पहिल्याची चौकशी करील आणि सलग तीन वेळा उत्तर आले नाही तर स्वतःकडील व्हॅलिडेटर सेवा सुरू करील. ही स्क्रिप्ट मी टेस्टनेटवर पहिल्या यंत्राची वीज काढून तपासली आणि ती अपेक्षेप्रमाणे चालली.

या मांडणीत काही धोका आहे का? शिवाय २ टीबी जागा पुरेल का आणि गेथ व लाइटहाउस ही जोडी ठीक आहे का, याविषयीही मत कळावे.

उत्तर: जुना_पहारेकरी

डिस्क आणि क्लायंट यांवर इतर जाणकार लिहितीलच. मी फक्त राखीव यंत्राबद्दल लिहितो, कारण मुख्य जाळ्यावर येण्यापूर्वी हा बेत सोडून देणे अत्यावश्यक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली स्क्रिप्ट तपासते ते एवढेच की पहिले यंत्र दुसऱ्याला दिसत नाही. आपल्याला खात्री हवी आहे ती मात्र वेगळ्या गोष्टीची, म्हणजे पहिले यंत्र सही करत नाही याची. वीज काढून घेतली की या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होतात, म्हणून आपली चाचणी यशस्वी झाली. दोन इमारतींमधला दुवा तेवढा तुटला, राउटरचा पत्ता बदलला किंवा फायरवॉलचा एखादा नियम चुकला, तर दोन्ही यंत्रे आपापल्या जोडणीवर धडधाकट चालू असतील, एकमेकांना मृत समजत असतील आणि एकाच कीने सह्या करत असतील. वीज न काढता फक्त हा दुवा तोडून चाचणी केली असती, तर टेस्टनेटवरच हे आपल्या ध्यानात आले असते.

स्लॅशिंग, म्हणजे परस्परविरोधी सह्यांबद्दलची शिक्षा, तीन गोष्टींमुळे होते: एकाच स्लॉटसाठी (ब्लॉकच्या ठरावीक पाळीसाठी) दोन वेगळे ब्लॉक मांडणे, एकाच टार्गेट इपॉकसाठी (इपॉक म्हणजे स्लॉटचा गट) दोन वेगळी मते देणे, आणि आधीच्या मताला वेढा घालणारे, म्हणजे त्याचा इपॉकांचा टप्पा आपल्या टप्प्यात सामावणारे, मत देणे. यातील ‘वेगळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन्ही यंत्रांना साखळीचे टोक सारखेच दिसत असेल तर त्यांची अटेस्टेशनही अक्षरशः सारखीच निघतात आणि त्यात कोणताही गुन्हा घडत नाही. त्यामुळे अशी मांडणी कित्येक दिवस निर्वेध चालते आणि चालवणाऱ्याची समजूत होते की लोक उगाच घाबरवतात. मग एखाद्या स्लॉटमध्ये ब्लॉक उशिरा पोहोचतो, एका यंत्राला तो दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही, दोघे वेगवेगळ्या टोकाला मत देतात, आणि त्या दोन सह्या हाच पुरावा होतो. ब्लॉक मांडण्याची पाळी आली तर इतकी वाट पाहण्याचीही गरज नाही, कारण दोन यंत्रांनी रचलेले ब्लॉक जवळजवळ नेहमीच वेगळे असतात. प्रत्येक क्लायंटजवळ स्लॅशिंगपासून संरक्षण देणारी नोंदवही असते हे खरे, परंतु ती त्या यंत्रापुरतीच असते. शेजारच्या यंत्राने काय केले हे तिला कळत नाही.

आता ज्या नुकसानीच्या भीतीने आपण हे सारे योजले, तिचा हिशेब करू. एकूण मोबदल्याचे ६४ भाग धरले तर त्यात सोर्सचे (मताच्या आरंभबिंदूचे) १४, टार्गेटचे (त्याच्या शेवटच्या बिंदूचे) २६ आणि हेडचे (साखळीच्या टोकाचे) १४, असे ५४ भाग मतदानातून मिळतात. उरलेले सिंक समिती आणि ब्लॉक मांडणारा यांचे. मत चुकले तर दंड फक्त सोर्स आणि टार्गेटचा होतो, म्हणजे ४० भाग. याचा अर्थ असा की दिवसभर बंद राहिलेला नोड त्या दिवसाची कमाई तर गमावतोच, शिवाय तिच्या सुमारे तीन चतुर्थांश इतका दंड भरतो, आणि तो दंड पुन्हा सुरू झाल्यावर एका दिवसाच्या आतच भरून निघतो. निम्म्याहून कमी वेळ, म्हणजे साधारण ४३ टक्के वेळ चालणारा व्हॅलिडेटरसुद्धा या हिशेबाने तोट्यात जात नाही. लाल रांग दिसायला भयंकर असते, रक्कम नसते. उलट स्लॅशिंग झाले की शिल्लकेचा बत्तिसावा हिस्सा, म्हणजे ३२ इथरमधील एक पूर्ण इथर, तत्काळ कापला जातो आणि व्हॅलिडेटर कायमचा बाहेर काढला जातो. ही आगीतून उठून फुफाट्यात पडण्याची सोय आपण स्वतःच, खर्च करून, उभी करत आहात.

दुसरे यंत्र मात्र वाया जाणार नाही. त्यावर की अजिबात न ठेवता फक्त एक्झिक्युशन क्लायंट आणि बीकन नोड (कन्सेन्सस क्लायंटचा साखळीवर लक्ष ठेवणारा भाग) चालवा. लाइटहाउसच्या व्हॅलिडेटर क्लायंटला (सही करणाऱ्या भागाला) एकाहून अधिक बीकन नोडचे पत्ते देता येतात. पहिला नोड कोसळला, अद्ययावत होत असला किंवा त्याचा डेटाबेस बिघडला, तर व्हॅलिडेटर क्लायंट आपोआप दुसऱ्या नोडकडे वळतो. सही करणारा एकच, त्याला माहिती देणारे दोन, अशी ही रचना आहे. इतर प्रमुख क्लायंटमध्येही ही सोय आहे.

उत्तर: मंद_पण_सतत

पहारेकरींशी सहमत आहे. भर म्हणून स्वतःची एक चूक सांगतो, कारण मी कोणतीही स्क्रिप्ट न लिहिता याच खड्ड्याच्या काठापर्यंत गेलो होतो.

मी जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर की हलवल्या. जुन्यावरच्या सर्व सेवा थांबवल्या, संरक्षणाची नोंदवही निर्यात करून नव्यावर आयात केली, काही इपॉक वाट पाहिली आणि मग नवा व्हॅलिडेटर सुरू केला. सर्व काही पुस्तकाप्रमाणे झाले. फक्त जुन्या यंत्रावरच्या सेवा ‘थांबवल्या’ होत्या, ‘डिसेबल’ केल्या नव्हत्या, आणि की पुसून टाकायचे काम ‘सवडीने करू’ म्हणून ठेवले होते. पाचव्या दिवशी वीज गेली. ती परत आल्यावर दोन्ही यंत्रे एकाच क्षणी सुरू झाली आणि आज्ञाधारक सिस्टमडीने जुन्या यंत्रावरच्या साऱ्या सेवा पुन्हा उभ्या केल्या.

डॉपलगँगर संरक्षण मी दोन्हीकडे सुरू ठेवले होते. या सोयीत व्हॅलिडेटर सुरू झाल्यावर दोन-तीन इपॉक गप्प बसून कानोसा घेतो आणि आपल्याच कीची सही जाळ्यावर ऐकू आली तर स्वतः बंद होतो. परंतु दोन यंत्रे एकाच वेळी सुरू झाली तर दोघेही एकाच वेळी गप्प बसतात, दोघांनाही काही ऐकू येत नाही, आणि दोघेही निश्चिंत होऊन एकदमच सह्या करू लागतात. मी वाचलो तो केवळ जुन्या यंत्राच्या मंदपणामुळे: पाच दिवसांची मागे पडलेली साखळी भरून काढण्यात त्याचा इतका वेळ गेला की तोपर्यंत नव्या यंत्राच्या सह्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या ऐकून जुना व्हॅलिडेटर बंद पडला. त्याची लॉगमधली ती ओळ मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे. जुन्या यंत्रावरची व्हॅलिडेटर सेवा थांबवून लगेच डिसेबल करायची; नोंदवही ईआयपी-३०७६ या प्रमाणित स्वरूपात निर्यात करायची, म्हणजे क्लायंट बदलला तरी ती वाचता येते; त्यानंतर जुन्या डिस्कवरच्या की पुसायच्या आणि यंत्र एकदा पुन्हा सुरू करून काहीही उठत नाही हे डोळ्यांनी पाहायचे. मग सार्वजनिक एक्सप्लोररवर आपली किमान दोन-तीन अटेस्टेशन चुकल्याचे दिसेपर्यंत थांबायचे. एक इपॉक ६.४ मिनिटांचा असल्याने हे सगळे वीस मिनिटांत होते, आणि तेवढ्या वेळात होणारे नुकसान अगदीच किरकोळ असते. की पुसताना जीव खालीवर होतो हे खरे, परंतु २४ शब्दांचे निमोनिक कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर सुरक्षित असेल तर त्या केव्हाही पुन्हा तयार करता येतात. निमोनिक सुरक्षित आहे याची खात्री नसेल, तर मात्र आधी तोच प्रश्न सोडवायला हवा.

उत्तर: आकडेमोड

पहारेकरींच्या विवेचनात एक दुरुस्ती सुचवतो. स्लॅशिंगचा तत्काळ दंड बत्तिसावा हिस्सा होता तो इथेरियमच्या पेक्ट्रा अद्यतनापूर्वी. ७ मे २०२५ रोजी पेक्ट्रा लागू झाल्यापासून तो शिल्लकेचा ४०९६ वा हिस्सा आहे, म्हणजे ३२ इथरवर साधारण ०.००७८ इथर. त्याच अद्यतनाने एका व्हॅलिडेटरची कमाल प्रभावी शिल्लक ३२ वरून २०४८ इथरपर्यंत वाढवली, आणि मोठ्या शिल्लकेच्या व्हॅलिडेटरला जुन्या प्रमाणातला दंड फार जड गेला असता, म्हणून हे प्रमाण उतरवण्यात आले.

यावरून कोणी स्लॅशिंग स्वस्त झाले असा अर्थ काढू नये. स्लॅश झालेला व्हॅलिडेटर किमान ८१९२ इपॉक, म्हणजे सुमारे ३६ दिवस, अडकून पडतो; या काळात त्याला मोबदला मिळत नाही, उलट प्रत्येक इपॉकला मत चुकल्याचा दंड बसत राहतो. साधारण अठराव्या दिवशी सहसंबंधाचा दंड मोजला जातो. आगेमागे स्लॅश झालेल्यांची एकूण शिल्लक जितकी जास्त तितका तो मोठा, आणि एकट्यादुकट्याच्या बाबतीत तो नगण्य असतो. पण जाळ्यातील एक तृतीयांश स्टेक (ठेव) त्याच अवधीत स्लॅश झाला, तर प्रत्येकाची संपूर्ण शिल्लक जाऊ शकते. शिवाय ती की पुन्हा कधीही वापरता येत नाही. नव्याने यायचे तर नवी की, नवा भरणा आणि पुन्हा रांग. ही रांग कशी लांबते ते समजण्यासाठी एवढे पुरे की एका इपॉकमध्ये जास्तीत जास्त २५६ इथर, म्हणजे दिवसाला ५७,६०० इथर, आत घेतले जातात.

बंद राहण्याच्या हिशेबालाही एक अपवाद जोडतो. सलग चार इपॉक साखळीला फायनॅलिटी मिळाली नाही (म्हणजे ब्लॉक अंतिम ठरले नाहीत) तर इनअॅक्टिव्हिटी लीक सुरू होते, आणि मग बंद असलेल्यांचा दंड दर इपॉकला वाढत जातो. मुख्य जाळ्यावर मे २०२३ मध्ये ११ आणि १२ तारखेला फायनॅलिटी लांबली होती. दुसऱ्या दिवशी ही लीक थोडा वेळ सुरूही झाली. आपला नोड एकटाच बंद असताना हा नियम लागू होत नाही. तो लागू होतो तो एक तृतीयांशाहून अधिक व्हॅलिडेटर एकदम गैरहजर असताना, आणि असे सहसा एकाच क्लायंटमधल्या दोषाने घडते.

उत्तर: जुना_पहारेकरी

दुरुस्तीबद्दल आभार, दंडाचा जुना आकडा डोक्यात पक्का बसला होता. सल्ल्यात मात्र फरक पडत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: नवखा_नोडचालक

सर्वांचे मनापासून आभार. फक्त दुवा तोडून चाचणी करण्याचा विचार मला खरोखरच सुचला नव्हता. काल रात्री टेस्टनेटवर ती केली आणि चौथ्या मिनिटाला दोन्ही यंत्रांवर व्हॅलिडेटर चालू झालेले पाहिले. दोन्ही ताबडतोब बंद केले. स्क्रिप्ट काढून टाकली आहे.

एक शंका उरते. की एकाच यंत्रावर राहिल्या, तर त्या जागेची वीज किंवा इंटरनेट गेल्यावर दुसऱ्या इमारतीतील बीकन नोडचा काहीच उपयोग होणार नाही, हे बरोबर ना? आणि दोन इमारतींत बीकन एपीआय जोडायचा असेल तर ते पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवावे लागेल का?

उत्तर: मंद_पण_सतत

बरोबर आहे, उपयोग होणार नाही. म्हणूनच दुसरे यंत्र पहिल्याशेजारी, एकाच स्थानिक जाळ्यावर आणून ठेवावे असे मी सुचवीन. बीकन एपीआयचे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये. जागा वेगळ्या ठेवायच्याच असतील तर वायरगार्डसारखा व्हीपीएन बोगदा लागतो. त्यातून वेळही वाढतो, आणि १२ सेकंदांच्या स्लॉटमध्ये अटेस्टेशन पहिल्या चार सेकंदांच्या आसपास निघावे लागते हे विसरून चालत नाही. बाहेरच्या जगासाठी फक्त पीअर जोडणीची पोर्टे उघडी हवीत: गेथचे ३०३०३ आणि लाइटहाउसचे ९०००, टीसीपी व यूडीपी दोन्ही. ८५४५ आणि ८५५१ ही गेथची अंतर्गत पोर्टे यंत्राच्या आतच राहू द्यावीत.

विजेसाठी यूपीएस घ्यावा आणि त्यावर राउटरही जोडावा. हे सांगण्याचे कारण असे की यंत्र दिमाखात चालू आणि राउटर अंधारात, हे दृश्य मी एकाहून अधिक जणांकडे पाहिले आहे. इंटरनेटसाठी राउटरला मोबाईलची दुसरी जोडणी देता येते. त्याहून लांबचा खंड पडला तर नोड खुशाल बंद राहू द्यावा. दोन जागा खरोखरच हव्या असतील तर योग्य मार्ग डिस्ट्रिब्युटेड व्हॅलिडेटरचा आहे. ओबोल किंवा एसएसव्ही यांसारख्या प्रणालींत कीचे वाटे केले जातात आणि चारपैकी तीन वाटेकऱ्यांनी सही केल्याशिवाय पूर्ण सही तयारच होत नाही, त्यामुळे एक यंत्र बंद पडले तरी काम चालते. पण त्यासाठी किमान चार यंत्रे लागतात. दोन यंत्रांत हे साधत नाही, कारण दुसरे बंद आहे की फक्त दिसत नाही, हे दोघांपैकी कोणालाच ठरवता येत नाही.

उत्तर: आकडेमोड

आता दोन यंत्रे शेजारी येणारच असतील, तर त्यांवर वेगवेगळे क्लायंट ठेवावेत. पहिल्यावर गेथ आणि लाइटहाउस राहू द्या. दुसऱ्यावर नेदरमाइंड किंवा बेसू आणि सोबत निंबस किंवा टेकू चालवा. दोष जवळजवळ प्रत्येक क्लायंटमध्ये केव्हा ना केव्हा निघाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये काही दिवसांच्या अंतराने आधी बेसू आणि मग नेदरमाइंड अडखळले. परंतु दोघांचा वाटा मर्यादित असल्याने साखळी थांबली नाही आणि त्यांच्या वापरकर्त्यांचे नुकसान काही तास बंद राहण्याएवढेच झाले.

बहुसंख्य क्लायंट चुकले तर काय होते ते २४ फेब्रुवारी २०२५ रोजी होलस्की टेस्टनेटवर दिसले. पेक्ट्रा लागू होताच गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिन्हींमध्ये त्या जाळ्यासाठीचा डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा पत्ता चुकीचा भरलेला निघाला, बहुसंख्य व्हॅलिडेटर अवैध साखळीला मते देऊन बसले आणि सुमारे दोन आठवडे फायनॅलिटी मिळाली नाही. आपण ज्या हूडीवर सराव केला ते जाळे या घटनेनंतर, मार्च २०२५ मध्ये उभारले गेले. दोन तृतीयांशांहून मोठा क्लायंट मुख्य जाळ्यावर चुकला, तर चुकीच्या साखळीला फायनॅलिटी मिळते, आणि तिला मत दिलेल्या व्हॅलिडेटरला खऱ्या साखळीवर परतण्याची वाट स्लॅशिंगच्या नियमांमुळेच बंद होते. त्यामुळे अल्पसंख्य क्लायंट निवडणे हा परोपकार नसून स्वतःच्या ठेवीचा विचार आहे.

२ टीबीची डिस्क आज पुरेल. मर्जपूर्वीचा (साखळी ठेवींच्या आधारे चालू लागण्याआधीचा) ब्लॉक इतिहास गाळण्याची सोय जुलै २०२५ पासून क्लायंटमध्ये आहे आणि तिने ३०० ते ५०० जीबी मोकळे होतात. ती सुरू करावी. नवी डिस्क घेणार असाल तर ४ टीबीची, आणि आकारापेक्षाही प्रकार पाहून घ्यावी: टीएलसी मेमरी आणि स्वतःची डीरॅम असलेली. स्वस्त क्यूएलसी डिस्कचा वेग कागदावर उत्तम दिसतो, पण सततच्या विखुरलेल्या लिखाणाखाली ती दमते, आणि मग नोड चालू असूनही टोकापासून मागे राहतो.

शेवटी, भरणा करण्यापूर्वी विथड्रॉवलचा (ठेव परत येण्याचा) पत्ता तीनदा तपासावा. तो एकदा नोंदला गेला की बदलता येत नाही. तो स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटचा असावा, एक्स्चेंजने दिलेला नसावा. पेक्ट्रापासून त्या पत्त्यावरून व्हॅलिडेटर बाहेर काढण्याची आज्ञाही देता येते, त्यामुळे सहीची की हरवली तरी ठेव अडकत नाही. त्या पत्त्यावरून आधी एक छोटासा व्यवहार करून तो खरोखर आपल्याच ताब्यात आहे हे पाहून घ्यावे आणि मगच ३२ इथर पाठवावेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: नवखा_नोडचालक

दुसरे यंत्र आज घरी आणले असून त्यावर नेदरमाइंड आणि निंबस यांचे सिंक सुरू केले आहे. पुढचे दोन आठवडे हूडीवर हीच मांडणी चालवीन आणि रोज एक सेवा मुद्दाम पाडून पाहीन. भरणा त्यानंतरच करणार आहे.